एकाच टिकलीला खळं

भागूबाई सांडूंच्या दाराला दिवसा कडी नसायची. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत दार उघडं टाकणं म्हणजे मांजराला दूध आणि शेजाऱ्याला विषय आयता देणं. पण भागूबाईंना दोन्ही चालायचं. माणूस यावं, बसावं, चार शब्द बोलावं. माणूस नसेल तर मांजर यावं.

माणसं येत, पण ती भागूबाईंसाठी नाही. डब्यासाठी.

डबा स्टीलचा, मुलाच्या, सोमनाथच्या, लग्नात आहेर आलेला, बुडाशी देणाऱ्याचं नाव कोरलेला. पूर्वी त्यात चिवडा असायचा. सोमनाथ बायकोला घेऊन चाकणला कंपनीत लागला, मग चिवडा खायला कोण? पुढं कडुबा गेले. नवरा दवाखान्यातून परत आला नाही, पण त्यांच्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी तेवढी घरी आली. भागूबाईंनी ती उकिरड्यावर टाकली नाही. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याची लेक ती. अन्न टाकायचं नसतं हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. आणि औषध म्हणजे महागातलं अन्नच की! गोळ्या डब्यात गेल्या.

मग कुणाचा तरी घसा धरला. भागूबाईंनी त्यातली एक दिली, वर गुळाचा खडा. माणूस बरा झाला. गोळी नसती घेतली तरी झाला असता, पण श्रेय गोळीनं खाल्लं. बभ्रा झाला. पुढं गल्लीचा रिवाजच पडला: ताप उतरला की उरलेली पाकिटं आणून भागूमावशीच्या डब्यात टाकायची, ज्याला लागेल त्यानं न्यायची. गोळ्यांची भिशीच म्हणा. भागूबाईंना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, रंग येत होते. लाल-काळी दाताची. गुलाबी लांबट जुलाबाची. पिवळी-पांढरी घशाची. पांढरी मोठी, मधे चीर असलेली, कशाचीही.

नाकं मुरडू नका. ज्या वस्तीत नळाला पाणी पाहुण्यासारखं कधीमधी येतं आणि येताना गटाराचा वास घेऊन येतं, तिथं पोरांचे जुलाब थांबवायला कोण बसलंय? दवाखान्यात रांग लावायची तर कंपनीतली पाळी बुडते. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी न मागता काउंटरवरून गोळ्या सरकवतो, चुरमुऱ्याच्या पुडीसारख्या. गल्लीला अडाणी म्हणणाऱ्यानं एकदा पोर कडेवर घेऊन त्या रांगेत उभं राहून दाखवावं. मग तोंड उघडावं.

पण हेही खरं, की डबा नसता तर भागूबाईंच्या उंबऱ्याला पाय लागला नसता. सोमनाथचा फोन रविवारी. "जेवलीस का? बरीयेस का? ठेवू का?" या तीन प्रश्नांत आठवडा उरकायचा.

रोज येणारं माणूस एकच. तात्यासाहेब.

तात्यासाहेब वेरूळकडचे. एसटीत कंट्रोलर होते. मध्यवर्ती बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारण्यात उभी नोकरी गेली. बायको मागंच वारली. पोरगा सत्यम आणि सून सकाळी कामावर निघून जात, आणि गल्लीच्या टोकाच्या त्या घरात तात्यासाहेब आणि भिंतीवरचं घड्याळ उरत. चारच्या सुमाराला ते भागूबाईंच्या दारात उभे राहून पुकारायचे:

"देवगाव रंगारी, कन्नड, चाळीसगाव! गाडी फलाटावर लागलेली आहे!"

"बसा," आतून उत्तर यायचं. "वाहक चहा टाकतोय."

"जागा आहे का?"

"गाडी रिकामीच हाय. घसा काय म्हणतो?"

"घसा म्हणतो, आल्याचा करा."

आता एकट्या बाईच्या घरी परका पुरुष रोज जाऊन बसला तर गल्ली जिभल्या चाटत बसते. पण घसा धरलेल्या माणसाला कोण काय बोलणार? तेव्हा तात्यासाहेबांचा घसा रोज धरलेला असायचा. चहा व्हायचा, कन्नडच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या निघायच्या, भागूबाईंच्या माहेरच्या कपाशीच्या गोष्टी निघायच्या, आणि निघताना तात्यासाहेब चारचौघांना दिसेल अशी पिवळी-पांढरी गोळी हातात धरून बाहेर पडायचे. तो त्यांचा पास होता. घरी जाऊन ते ती प्रामाणिकपणे गिळतही असत. एसटीचा माणूस, पास काढला की प्रवास करायचाच.

गंमत अशी की हळूहळू घसा खरंच बसला. पुकारा आधी खरखरीत झाला, मग सेल उतरलेल्या रेडिओसारखा. भागूबाईंनी गोळीचा रंग बदलून बघितला.

त्याच सुमाराला त्यांना स्वतःला लघवीला जळजळ सुरू झाली. असली गोष्ट बाईनं सांगायची कुणाला? डबा होताच. दोन गुलाबी घेतल्या, उतरलं. आठवड्यानं परत. मग लाल-काळी. परत. मग चीर असलेली. शेवटी एका दुपारी अशी थंडी वाजून आली की वाकळ घेऊनही दात वाजायचे थांबेनात. शेजारची प्रेरणा पोरीला, श्रेयाला, शोधत आली, तर भागूबाई चुलीपाशी भुईवर आडव्या. तिनंच रिक्षात घालून घाटीत, सरकारी दवाखान्यात, नेलं.

वॉर्डात सलाईन लागलं. शुद्ध नीट आल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई खाटांच्या मधून नाव पुकारत आली.

"भागूबाई सांडू कोण?"

"मीच. का ओ, मेले का?"

डॉक्टरीणबाई हसली. नीरजा तिचं नाव. ती पेशंट तपासणाऱ्यांतली नव्हती; खालच्या प्रयोगशाळेतली. रिपोर्ट बघून हा माणूस कोण म्हणून मुद्दाम वर आली होती.

"आजी, तुमच्या लघवीतले जंतू मी वाढवून बघितले."

"वाढवले? आधी काय कमी होते?"

नीरजानं मोबाइलवर फोटो दाखवला. काचेची वाटावी अशी गोल थाळी, तिच्यात पिवळट थर, सायीसारखा धरलेला. थरावर गोलाकार मांडलेल्या पांढऱ्या टिकल्या.

"ही साय म्हणजे जंतू. ह्या टिकल्यांत प्रत्येकी एकेक औषध. औषध लागू पडलं की टिकलीच्या भोवतालचे जंतू मरतात, तिथं गोल मोकळी जागा पडते."

"चंद्राला खळं पडतं तसं."

"अगदी तसं. आता बघा."

भागूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. साय टिकल्यांच्या अगदी कडेला भिडली होती. ह्या टिकलीला नाही, त्या टिकलीला नाही. एकाच टिकलीभोवती खळं होतं.

"तेच औषध तुम्हाला शिरेतून चाललंय," नीरजा म्हणाली. "तेही नसतं चाललं तर..." तिनं वाक्य खाल्लं. "आजी, इतक्या गोळ्या खाल्ल्या कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाय. माझ्या मनानं."

मग नीरजा खाटेच्या कडेला टेकली. मोठ्या शब्दांत बोलली असती तर भागूबाईंनी मान हलवून सोडून दिलं असतं. ती म्हणाली, "दहावीच्या परीक्षेत कॉपीच्या चिठ्ठ्या फिरतात ना, तसं हे आहे. काही जंतूंकडं जनुकांचं एक बारीक गोल कडं असतं. चिठ्ठीच समजा. औषधाचे तुकडे करणारी कात्री कशी बनवायची, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं. हा जंतू शेजारच्याला चिकटतो, चिठ्ठीची नक्कल काढतो आणि त्याला देऊन टाकतो. स्वतःचीही ठेवतो. झेरॉक्स. आणि शेजारी आपल्याच जातीचा पाहिजे असंही नाही."

"जात बघत नायीत?"

"नाही."

"मग माणसापरीस बरे म्हणायचे."

"त्यांच्यासाठी बरे. आपल्यासाठी नाही. तुम्ही गोळी खाता तेव्हा पोटातले बिनचिठ्ठीचे गरीब जंतू मरतात. चिठ्ठीवाले उरतात. मग सगळं रान त्यांचंच."

भागूबाईंना माहेरचं रान आठवलं. मग म्हणाल्या, "बोंडअळीवाणी. आमच्या कपाशीवर फवारून फवारून तीच राहिली, जिला काय होत नव्हतं. मग तिचीच पिलावळ."

"तेच. आणि सर्दीपडशाला तर या गोळ्यांचा काही उपयोगच नसतो. ते दुखणंच निराळं. सर्दी आपली आपण जाते. गोळी मात्र पोटात जाऊन चिठ्ठीवाले निवडून ठेवते. गोळ्या घरात साठवल्यात का?"

"नाय," भागूबाई चटकन म्हणाल्या. "कुठल्या गोळ्या? घरात काय नाय."

खोटं बोलल्या. डबा गेला तर दारात कोण येईल, हा हिशेब त्यांच्या मनात डॉक्टरीणबाईच्या प्रश्नाआधीच झालेला होता. पण नीरजा उठताना त्यांनी पदर सावरत, दुसऱ्याच कुणाचं विचारतोय अशा सुरात विचारलं, "एखाद्याचा आवाज महिनोन्महिने बसलेला असला, तर त्याला कोणती गोळी ओ?"

"कुठलीच नाही. त्याला इथं आणायचं. आत दुर्बिणीनं बघावं लागतं, गाठबीठ आहे का ते. गोळ्या देत बसलं की दिवस जातात, आणि अशा दुखण्यात दिवसच घालवायचे नसतात."

ती गेली. भागूबाई छताकडं बघत राहिल्या. खरं तर वॉर्डात त्यांना करमत होतं. इकडून तिकडून माणसं होती, कण्हणारी का असेनात. पण त्या घटकेपासून त्यांना घरची ओढ लागली, आणि घरची धास्तीही.

घरी आल्या त्या संध्याकाळी जत्रा भरली. सगळी गल्ली डोकावून गेली. "कशी गं मावशी? वाळलीस गं." आणि दोन वाक्यांनी, "ती लाल-काळी आहे का? दाढ ठणकतीये." भागूबाईंनी दमल्याचं निमित्त केलं. डबा फळीवर होता. त्याच्याकडं बघितलं की त्यांना ती थाळी दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा आली, श्रेयाला कडेवर घेऊन. पोरीचं नाक वाहत होतं, अंग कोमट.

"मावशी, चिरेची अर्धी द्या. मला पाळीला जायचंय."

"सर्दी हाय ती, प्रेरणा. तिला ही गोळी लागत नाय. चल, दवाखान्यात जाऊ. पोरगी मी धरते."

"दवाखाना? गाडी येऊन थांबलीये माझी कोपऱ्यावर! अर्धी गोळी मागतेय, तुमचं अर्धं घर नाय मागत."

"दिली असती गं. पण..."

"आख्ख्या गल्लीला वाटल्या, आणि माझ्याच पोरीला नाय? तुम्हाला भुईवरून उचलून कोणी नेलं ओ? मी! चार दिवस घाटीत काय राहिल्या, तर डॉक्टरीणच झाल्या!"

भागूबाईंनी चिठ्ठी, कात्री, बोंडअळी सांगायचा प्रयत्न केला. प्रेरणानं ऐकलं नाही, आणि का ऐकावं? कंपनीची गाडी जंतूंच्या शाळेसाठी थांबत नाही. ती तरातरा गेली आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या मेडिकलातून हवं ते घेतलं. म्हणजे भागूबाईंनी नाही म्हटल्यानं एक गोळीसुद्धा वाचली नाही. फक्त एक शेजार गेला. श्रेया अधूनमधून दुपारी डब्याचं झाकण वाजवायला यायची, तीही बंद झाली.

चार वाजले. दारात खाकरण्याचा आवाज. पुकारा नव्हताच आता; नुसती हवा.

"देवगाव... रंगारी..."

"बसा," भागूबाई म्हणाल्या. आज वाहकाचं काही सुचेना.

चहा झाला. तात्यासाहेबांनी सवयीनं फळीकडं पाहिलं. भागूबाई उठल्या नाहीत.

"तात्यासाहेब, आवाज कधीपासून बसलाय ओ?"

"तुम्हाला माहीत नाही होय? तुमचीच तर गोळी चालू आहे."

"म्हणून तर ईचारते. आता गोळी नाय. उद्या घाटीत चला, घसा दाखवू. मी येते संगं. मला तिथल्या सगळ्या खिडक्या ठावक झाल्यात."

तात्यासाहेबांनी आधी दाराकडं पाहिलं. समोरच्या ओट्यावर दोघीजणी तांदूळ निवडत होत्या. निवडत कमी, बघत जास्त.

"आपण दोघं? रिक्षात बसून?"

"मग काय, चालत जायचं?"

"लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, गाडी फलाटावर लागलीये."

ते हसले नाहीत. भागूबाईंना ते लागलं. इतक्या दिवसांत त्यांच्या असल्या बोलण्यावर हा माणूस हसला नाही असं झालं नव्हतं.

"गोळी द्यायची नसेल तर सरळ सांगा, भागूबाई. डॉक्टरकी नका सांगू. बसल्या घशाला दवाखाना! माणसं हसतील."

"हसू द्या. तुमचा गळा हाय तो, त्यांचा नाय."

कप खाली ठेवला गेला. तात्यासाहेब उठले, चपला घातल्या, आणि पहिल्यांदाच रिकाम्या हातानं त्या दारातून बाहेर पडले. ओटा बघत होता. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. पासच नाही तर गाडीत चढायचं कसं, हे नियमानं जगलेल्या माणसाला कळेना. आणि भागूबाईंना ते कळत होतं, हेच वाईट.

गल्लीत वारं पसरायला काय लागतं! मावशी बदलली. मावशीला दवाखान्याची हवा लागली. दार उघडंच होतं, पण आता ते नुसतं उघडं होतं. मांजर तेवढं येई. डबा फळीवर, आणि भागूबाई त्याच्यासमोर, दुपारभर. कधीकधी हात वर जाई. एक पिवळी-पांढरी घेऊन तात्यासाहेबांच्या घरापर्यंत गेलं तर? उद्या चारला पुकारा होईल. इतकं सोपं होतं. हात परत पदराखाली येई. तोंडात टाकायची गोळी, आणि त्या गळ्यात काय वाढत असेल कुणास ठाऊक.

एके दिवशी सकाळी त्यांनी तात्यासाहेबांना मेडिकलच्या काउंटरवर पाहिलं. मेडिकलवाला पाकिटातून कात्रीनं गोळ्या कापून देत होता. भागूबाईंनी चप्पल पायात सरकवली न सरकवली, आणि थेट गल्लीच्या टोकाला गेल्या. सत्यम मोटारसायकल काढत होता.

"ए सत्यम, थांब. बापाचा आवाज गेलाय, तुला ऐकू येत नाय का रे?"

"घसा बसलाय त्यांचा, मावशी. जुनंच आहे."

"जुनं हाय म्हणूनच सांगते. गोळ्यानं जाणारं दुखणं न्हवं ते. दुर्बीण लावून बघायला पायजे. ने त्यांला."

सत्यमनं गाडी स्टँडवर लावली. गाडीच्या आरशात बघत, शांतपणे म्हणाला, "गोळ्या तर तुम्हीच देत होता ना, मावशी?"

असा वार थोबाडीतही बसत नाही. शेजारच्या खिडकीत कुणीतरी होतं. भागूबाईंनी पदर डोक्यावर ओढला नाही.

"व्हय. मीच देत व्हते. म्हणून तर मीच सांगायला आले. उद्याच्या उद्या ने. नायतर मी रस्त्यावर बोंब मारीन, की पोरगा बापाला दवाखाना दाखवत नाय. मला लाज राहिली नाय आता, समजलं?"

दुसऱ्या दिवशी भागूबाईंनी डबा पिशवीत घातला आणि नाक्यावर रिक्षासाठी उभ्या राहिल्या. नीरजाबाईच्या हातात तो द्यायचा होता. तेवढ्यात सत्यमची मोटारसायकल गेली. मागं तात्यासाहेब, गळ्याला मफलर, मांडीवर जुन्या रिपोर्टांची पिशवी. भागूबाईंना बघून त्यांनी तोंड उघडलं. पण त्यातून काही आलं नाही. गाडी वळली.

रिक्षावाले ओरडत होते, "मावशी, घाटी? बसा ना!" भागूबाईंनी दोन-तीन रिक्षा सोडल्या. त्या रांगेत त्यांच्या पाठोपाठ उभं राहायचं नव्हतं. आपण गेलो असतो, तर लोक काय म्हणतील म्हणून कदाचित तो माणूस खिडकीपाशी अर्ध्यातून परत फिरला असता.

दुपारनंतर त्या गेल्या. नीरजानं डबा टेबलावर उपडा केला, रंगांचा तो ढीग बघून कपाळावर हात नेला, आणि मग भागूबाईंचा हात धरला. "घरात काय नाय म्हणाला होतात."

"नाय म्हणाले व्हते. आता खरंच नाय."

"फार मोठं केलंत, आजी." पण दारात दुसरा माणूस नमुन्यांचा ट्रे घेऊन उभा होता, आणि नीरजाला जायचं होतं. भागूबाईंनी अजून एखादं वाक्य निघतंय का ते पाहिलं. मग रिकामा डबा पिशवीत घालून त्या निघाल्या. चालताना झाकण खडखडत होतं. आत चिवडा असताना किंवा गोळ्या असताना ते असं कधी वाजलं नव्हतं.

गल्लीतली बातमी त्यांना कुणी येऊन सांगितली नाही. प्रेरणा समोरच्या ओट्यावरचीला सांगत होती, ती भिंतीआडून ऐकली. तात्यासाहेबांच्या गळ्यात गाठ निघाली. कापून काढलीये, तुकडा तपासायला गेलाय. वेळेत आले, असं डॉक्टर म्हणाले. आता बरेच दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

प्रेरणा म्हणाली, "मावशीनं लई तमाशा केला म्हणून नेलं म्हणे." त्यात कौतुक होतं की टोमणा, ते भिंतीतून कळलं नाही.

पुढं एके दिवशी चारच्या सुमाराला भागूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. तात्यासाहेब हळूहळू चालत गल्लीतून आले, दारासमोर आले आणि थांबले. मफलर वरपर्यंत. ओट्यावरच्या दोघींचे हात तांदळात थांबले. आत यायला कारण नव्हतं. बाहेर थांबायलाही नव्हतं. बोलायची मनाई होती. ते नुसते उभे राहिले, माइक बंद पडल्यावर कंट्रोलर उभा राहील तसे.

भागूबाईंनी घसा खाकरला.

"देवगाव रंगारी," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला. त्यांनी तो थोडा वर नेला, ओट्यापर्यंत पोचेल इतका. "कन्नड. चाळीसगाव. गाडी फलाटावर लागलेली आहे."

तात्यासाहेबांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. चूक काढायची झाली तर काढावी अशा तयारीनं कान देऊन. मग एकदा मान हलवली, आणि पुढं चालते झाले.

चहाची वेळ झाली होती. भागूबाई बसूनच राहिल्या.